एका पातेल्याचं घर

मी लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा माझ्या सामानात एक पितळी स्टो होता. आईनं हौसेनं दिला होता. टांग्यातून सामान उतरत होतं आणि बंगल्याच्या पायरीवर एक उंच, सडपातळ म्हातारी उभी होती. नव्या सुनेला सलाम म्हणायच्या आधीच तिनं विचारलं, "हे काहून आनलं?"

"चहासाठी," मी म्हटलं.

"चहा घरात होते. माळ्यावर ठेवून दे."

या मावशी. सगळं घर त्यांना मावशीच म्हणायचं, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. त्यांचं-माझं नातं असं पहिल्या मिनिटाला सुरू झालं. मी स्टो माळ्यावर ठेवला नाही, पलंगाखाली ठेवला.

त्या बंगल्यात पूर्वी मिशनची एक गोरी मडम राहत असे. स्वातंत्र्यानंतर ती मायदेशी गेली आणि मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून, तो बंगला काही घरांना एकत्र राहायला दिला. त्यात माझ्या नवऱ्यासारखे शिक्षक होते (पुढं मीही त्याच्याच शाळेत शिकवू लागले), एक कंपाउंडर होते, नर्सचं काम करणारी बाई होती, सायकलवर धार्मिक पुस्तकं बांधून तिवसा-मोर्शीपर्यंत हिंडणारे एक गृहस्थ होते, आणि मावशी होत्या. खोल्या वेगळ्या आणि चूल एक. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी असंच सगळं सामाईक ठेवलं होतं, असं उपदेशात सांगितलं जाई. त्या पहिल्या लोकांत सुना होत्या की नाही, हे मात्र कोणी सांगत नसे.

कुंपणापलीकडे एका वकिलांचं घर होतं. वकीलीणबाई संध्याकाळी भिंतीशी येऊन मला विचारायच्या, "आमच्या चार सख्ख्या जावांची एक चूल वर्षभर टिकली नाही हो, तुमची कशी टिकते?" मी म्हणायची, मावशींना विचारा. त्या विचारत नसत. मावशींना कोणी काही विचारत नसे.

नियम साधे होते. मागच्या लांब पडवीत सगळ्यांची एक पंगत. प्रार्थना झाल्याशिवाय घास नाही, शेवटचा माणूस बसल्याशिवाय प्रार्थना नाही. जे शिजलं ते सगळ्यांना, कोणासाठी वेगळं काही नाही. आणि घरात दुसरा विस्तव पेटायचा नाही. हा शेवटचा नियम कुठं लिहिलेला नव्हता. मावशींच्या कपाळावर तो वाचता येत असे.

आणि एक रीत होती, जी मी आजवर दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. सगळ्या मंडळीनं तिथं एकाच भाकरीतला तुकडा मोडून घ्यायचा. ती गव्हाची जाड, बिनखमिराची भाकर आमच्या चुलीवर भाजली जायची, आणि हा आमच्या घराचा मोठा मान होता. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, घरातली सगळी मोठी माणसं स्वयंपाकघरात जमायची. मावशी रिकामी परात पुढ्यात घेऊन विचारायच्या, "कोनाचं कोनाशी बोलनं बंद हाये काय?" मग एकेकानं डब्यातली मूठभर कणीक परातीत टाकायची. मूठ टाकली म्हणजे मन साफ आहे. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं आधी तिथंच मिटवायचं, मग मूठ टाकायची. सगळ्यांच्या मुठी पडल्याशिवाय मावशी पाण्याला हात लावत नसत. नर्सबाईंचं आणि कंपाउंडरच्या बायकोचं दर महिन्याला धुण्याच्या दोरीवरून वाजायचं आणि दर पहिल्या शनिवारी डोळे पुसत मिटायचं. पुढच्या सोमवारी दोरी तिथंच आणि भांडणही तिथंच. पण भाकर कधी चुकली नव्हती.

विदर्भ नव्या महाराष्ट्रात गेला त्या सुमाराची गोष्ट. अकोल्याला माझी आई एकटी होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ नव्हता. ती कमालीची वाळली. दात गेलेले, पोटात जखम. डॉक्टरांनी सांगितलं, तिखट बंद, मऊ खायला द्या, तरच धडगत आहे. मी नवऱ्याला म्हटलं, आईला मी आणणार आहे. तो बिचारा म्हणाला, "मावशींना विचारू." मी म्हटलं, "विचारू नका, सांगा." आणि मीच जाऊन सांगितलं.

मावशींनी एका शब्दानं आढेवेढे घेतले नाहीत. स्वतः स्टेशनावर आल्या. आईला हाताला धरून टांग्यात बसवलं, पंगतीत आपल्या शेजारी जागा दिली. पण ताटात पडलं तेच, जे सगळ्यांच्या ताटात पडलं. ज्वारीची भाकर, तुरीचं तिखट वरण, अंबाडीची भाजी. आईनं भाकरीचा तुकडा वरणात कुस्करला, तोंडात घोळवला आणि पाण्याबरोबर गिळला. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही तिनं ठसक्याच्या नावावर खपवलं.

मी मावशींना म्हटलं, "मावशी, आईसाठी थोडा मऊ भात टाकत जाऊ. मीच टाकीन."

"वेगळं नाई होत इथी."

"आजारी मानूस हाये ते."

"इथी सगळे कधी ना कधी आजारी पडतात. आज तुह्या मायसाठी भात, उद्या कोनासाठी पोया, परवा पाच चुली. वेगळं ताट निंगनार नाई या घरातून."

मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. डॉक्टरांचं सांगितलं, दया-क्षमेच्या गोष्टी त्यांच्याच तोंडच्या त्यांना ऐकवल्या. त्या ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. दगडावर डोकं आपटावं तसं ते झालं. मग माझंही डोकं फिरलं. आई माझी होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरत होती. मी पलंगाखालचा स्टो ओढला, पिन मारली आणि खोलीत भात चढवला.

स्टोचा आवाज काही लपत नाही. सगळ्या बंगल्यानं तो ऐकला. त्या दिवसापासून मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या आणि मीही त्यांच्याशी. माझ्या वाट्याचा स्वयंपाक मी चुकवला नाही, पंगतीत बसायची, भाकरी थापायची, पण मीठ हवं असलं तर नर्सबाईंकडून मागायची. आईचं ताट खोलीत. पहिले काही दिवस तिनं बऱ्यापैकी खाल्लं आणि मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात महिन्याचा तो शनिवार आला.

परात पुढ्यात घेऊन मावशींनी नेहमीचं विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही. एकेकानं मूठ टाकली. नवऱ्यानं टाकली. माझ्यापाशी डबा आला, मी तो पुढं सरकवला.

"माही मूठ नाई," मी म्हटलं.

नर्सबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. नवरा माझ्या कोपराला हळूच ढोसत होता. मी त्याचा हात झटकला. मन साफ नव्हतं माझं, मग खोटी मूठ कशाला टाकू? तीच तर रीत होती ना त्यांची.

मावशींनी परातीतली कणीक परत डब्यात ओतली, परात भिंतीला टेकवून ठेवली आणि उठून गेल्या. पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते धावत आले. म्हणाले, एवढं कशाला, बाजारातून पाव आणू, चालतं तेही. मावशी म्हणाल्या, "चालत असन. ह्या घरातून खोटी भाकर नाई जानार." मला वाटलं होतं, ऐन वेळी म्हातारी नमेल. म्हातारीला वाटलं असेल, पोरगी नमेल. दोघी एकाच मातीच्या निघालो, ही पंचाईत झाली.

रविवारी मावशी भाकरीचं ताट नेहमीसारखं पांढऱ्या कपड्यानं झाकून चर्चमध्ये घेऊन गेल्या आणि टेबलावर ठेवलं. पाळकसाहेबांनी कपडा उचलला. ताट रिकामं होतं. त्यांना आधीच ठाऊक होतं, तरी त्यांचा हात क्षणभर तसाच वर राहिला. मागच्या बाकांवरची माणसं उभी राहून पाहू लागली. मग सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते. मी मान खाली घातली नाही. मावशींनीही घातली नाही. त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही. शेवटचं गीत कोणी धड म्हटलं नाही.

त्याचा अर्थ काय होणार हे मला दोनच दिवसांत कळलं. मंडळीच्या पंचांपैकी एकांना तो बंगला पुष्कळ दिवसांपासून मुलांच्या वसतिगृहासाठी हवा होता. त्यांना आयतं निमित्त मिळालं. ते आणखी दोघांना घेऊन आले, पडवीत खुर्च्या मांडून बसले आणि सगळ्या घराला बोलावलं.

"प्रयोग चांगला होता," ते म्हणाले. "पण ज्या घरातून प्रभूची भाकर निघत नाही ते घर एक आहे असं कसं म्हणायचं? चर्चमागच्या लाइनीतल्या खोल्या रिकाम्या आहेत. प्रत्येकाला दोन खोल्या, आपापली चूल. भांडणाला जागा नाही." मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा. तुम्हाला वेगळी चूल हवी आहे ना? तुम्ही एवढं म्हणा की इथं चालत नाही. बाकी आम्ही पाहतो."

मला हवं होतं ते ताटात वाढून पुढ्यात आलं होतं. मावशी जात्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्या खुर्चीवर बसत नसत. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पण हातातलं सूप थांबलं होतं.

त्याच सकाळी खोलीत एक गोष्ट झाली होती. आईनं माझा मऊ भात दोन घास खाऊन बाजूला सारला होता. गेले तीन-चार दिवस ती तेच करत होती. मी चिडले. "आता काय झालं? मीठ कमी हाये काय?"

"भात चांगला हाये पोरी," आई म्हणाली. "पन दार लावून एकलीनं जेवनं होत नाई. तिकडे पंगतीतले आवाज येतात, अन् मी इथी चोरी केल्यासारखी बसतो. घासच उतरत नाई."

म्हणजे तिकडच्या तिखट वरणानं ती उपाशी होती आणि इकडच्या माझ्या मऊ भातानंही उपाशीच होती. लाइनीतल्या दोन खोल्यांत गेलो तर मी दिवसभर शाळेत असणार आणि ती चार भिंतींकडे बघत भात चिवडणार. मी पंचांकडे पाहिलं. मला राग आला होता, आणि आला की मला थांबता येत नाही.

"मले वेगळी चूल नोको," मी म्हटलं. "मले ह्याच चुलीवर माह्या मायसाठी मऊ पायजे. भांडन आमचं दोघीचं हाये, घराचं नाई. आमी मिटवू, नाई तर नाई मिटवू. तुमी चहा घ्या अन् या."

पंच म्हणाले, "पण पुढच्या पहिल्या रविवारी भाकर आली नाही तर?"

"तवा बोलू," असा आवाज आला. तो मावशींचा होता.

पंच गेले. घरातली माणसंही एकेक करून पांगली, आम्हा दोघींच्या मध्ये सापडायची कोणाची इच्छा नव्हती. मावशी सुपातली ज्वारी पाखडत राहिल्या. मी उभीच. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या.

"तुले वाटत असन म्हातारी खडूस हाये."

"वाटत नाई, हाये," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मावशी मोठ्या दुष्काळातल्या अनाथ होत्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या, तिथंच शिकल्या. त्यापलीकडचं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी अन् माहा लहाना भाऊ," त्या म्हणाल्या. "दोघंयले मिशनच्या गाडीनं आनलं. तथी पोरायची मोठी पंगत बसे. एका पातेल्यातलं सगळ्यायले. भाऊ माह्या बाजूले बसे. एक दिवस त्याले ताप आला, त मडम म्हने, याले मऊ खिचडी द्या, वेगळी. त्याचं ताट पडद्याच्या मांगं नेलं. मी रोज त्याची जागा धरून ठेवो. कोनी बसाले आलं त मारो. तो आलाच नाई." सूप त्यांनी खाली ठेवलं. "त्याच्या आधी ज्यायचं ज्यायचं ताट वेगळं निंगालं, ते कोनीच पंगतीत वापस आले नाई. मी पाह्यलं हाये. तुही माय आली तवा तिले माह्या बाजूले बसवली काहून? अन् तू तिचं ताट उचलून दाराच्या मांगं नेलं."

माझे डोळे भरून आले, आणि त्याचाच मला राग आला. मी ओरडलेच, "तर मंग सगळ्यायले मऊ शिजवा ना! म्हंजे वेगळं होत नाई!"

मी ते संतापानं म्हटलं होतं. मावशींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पाठ शिकवताना वर्गातल्या शेवटच्या बाकावरून बरोबर उत्तर यावं तसं. मग सुपातली ज्वारी जात्यात ओतली आणि खुंट्याला हात घातला.

"जाडी दळा लागते," त्या म्हणाल्या. "बस समोर. एकलीनं जातं ओढवत नाई आता माह्यानं."

आम्ही दोघींनी मिळून कण्या भरडल्या. त्या संध्याकाळी मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या कण्या शिजल्या, अगदी गुरगुट्या, वर ताक. तिखटाचा ठेचा एका वाटीत मध्ये ठेवला, ज्याला हवा त्यानं वरून घ्यावा. आईचं ताट मावशींच्या शेजारी. कंपाउंडरांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "कण्या? आजारी कोन हाये?"

"सगळे," मावशी म्हणाल्या. "बसा."

आई जेवली. मी वाढत होते, माझा डोळा तिच्या ताटावर होता. तिनं ताट बोटानं पुसून घेतलं आणि ताक मागितलं. मी वाढायच्या आत मावशींनी आपली वाटी तिच्या ताटात उपडी केली.

पुढं रोज रात्री त्या घरात मऊच शिजू लागलं. कधी कण्या, कधी मऊ भात आणि फिकं वरण. पुरुषांनी कुरकुर केली. सायकलवाल्या गृहस्थांनी तर गावोगावच्या झुणक्याच्या आशेनं आपले दौरे वाढवले. सकाळची भाकर-भाजी तिखटच राहिली, तेव्हा आई भाकर ताकात भिजवून घ्यायची. वकीलीणबाईंनी भिंतीवरून ऐकलं आणि म्हणाल्या, "एका म्हातारीसाठी एवढ्यांनी पेज खायची? तुम्ही लोक वेडे आहात." असू, मी म्हटलं.

पुढचा पहिला शनिवार आला. मावशींनी विचारलं, "कोनाचं कोनाशी बोलनं बंद हाये काय?" डबा माझ्याकडे आला. मी माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. मागण्यासारखं कोणी काही केलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. मी मूठ भरून कणीक टाकली. मग मावशींनी डबा दारापाशी बसलेल्या आईपुढं धरला. आई म्हणाली, मी पाहुणी. "पाहुनी कायची? रोज जेवता ना पंगतीत? टाका," मावशी म्हणाल्या. आईच्या मुठीत फार कणीक मावत नव्हती. त्या रविवारी भाकर चर्चमध्ये गेली. पंचांनी तुकडा घेतला तेव्हा मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं.

आई त्या घरात कितीतरी वर्षं जगली, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त. गेली ती झोपेत गेली, आदल्या संध्याकाळी पंगतीत जेवून. कण्या मात्र बंद झाल्या नाहीत, कारण तोवर मावशींचे दात गेले होते.

मग मावशी पडल्या. पाय गेले, उठवेना. स्वयंपाकघर आपसूक माझ्याकडे आलं होतं, कोणी दिलं नाही, मीही मागितलं नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, पातळ द्या, थोडं थोडं, खोलीतच. नर्सबाईंनी ताटली आणून माझ्यापुढं ठेवली. मी त्यात वाढायला पळी उचलली आणि माझा हात तिथंच थांबला.

ताटली मी बाजूला सारली. पातेलं दोन्ही हातांनी उचललं, चटके बसले तरी तसंच, आणि मावशींच्या खोलीत नेऊन त्यांच्या खाटेशेजारी टेकवलं. मग पडवीत येऊन सगळ्यांना म्हटलं, "ताटं घ्या आपापली अन् इकडं या." खोली लहान होती. कोणी खाटेला टेकून बसलं, कोणी उंबऱ्यावर, कंपाउंडर दाराबाहेर.

मावशींनी डोळे उघडले. एकेकाचं तोंड पाहिलं.

"काहून आले सगळे इथी?"

"पंगत आहे मावशी," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच थांबलो."

त्यांच्या ओठांचं काहीतरी झालं. मग त्या डाफरल्या, अगदी जुन्या आवाजात.

"मंग वाढ ना. थंड होऊन राह्यलं."